माळावरची रुई

तीन वर्षं एखाद्या पाहुण्याची वाट पाहिली आणि तो आलाच नाही, तर तुम्ही दोष कुणाला द्याल?

अंकुशने तो पाहुण्यालाच दिला.

"बुवा, इथला भुंगाच करंटा आहे," तो म्हणाला. "मी आणखी काय करू, सांगा."

राणूबुवा मठीच्या ओट्यावर पाय पुढे सोडून बसले होते.

अंकुश मूळचा साखर कारखान्याच्या बागेतला माळी. आपल्या हातून रोप कधी मेलं नाही, हे तो चारचौघांत आवर्जून सांगत असे. मंत्र घ्यायला म्हणून तो या टेकडीवर आला, तेव्हा बुवांनी त्याला मठीमागचा उघडाबोडका माळ दाखवला होता. नुसता मुरूम. म्हणाले होते, "इथं ज्या दिवशी भुंगा येईल, त्या दिवशी तुझ्या कानात मंत्र सांगीन."

अंकुशला ते सोपं वाटलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे गुलाब जळून गेले. मग बुवांनी ओढ्याकाठच्या रुईचं बी, कापसासकट, त्याच्या ओंजळीत टाकलं. माळ्याने रुई लावायची... त्याला हसूच आलं. पण लावली. पाऊस नाही, पाणी नाही, शेळीही तोंड लावीना, आणि रुई मात्र कमरेएवढी झाली.

भुंगा तेवढा आला नाही.

"फुलं धरतात ना रे?" बुवांनी विचारलं.

"भरपूर. जांभळी, टपोरी."

"झाडावर कधी दिसली नाहीत मला."

"दिसतील कशी? उजाडायच्या आत खुडतो मी. एक ठेवत नाही." अंकुशच्या आवाजात अभिमान होता. "भुंग्यानं उष्टावलेलं फूल तुमच्या पायांवर वाहू होय?"

बुवांनी पायांकडे पाहिलं. सकाळी वाहिलेली ओंजळभर फुलं तिथे मलूल होऊन पडली होती.

बराच वेळ ते पाहत राहिले...

मग त्यांनी पाय घोंगडीखाली ओढून घेतले. फुलं ओट्यावर सांडली.

अंकुशचा चेहरा उतरला.

"माझं काही चुकलं का?"

"तुझी भक्ती दांडगी आहे, बाबा."

"मग?"

"माझे पाय काही उपाशी नव्हते."

खुडलेल्या सगळ्या सकाळी अंकुशच्या डोळ्यांपुढून गेल्या. मग त्याला रागच आला.

"तीन वर्षं मी मंत्रासाठी झुरतोय. तुम्हाला ठाऊक होतं, तर एकदा सांगायचं होतं."

"सांगणार होतो."

"मग अडलं कुठं?"

बुवा थोडे ओशाळले.

"मलाही गोड लागत होतं रे..."

त्या दिवशी दोघं पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंकुश परडी घेऊन रुईपाशी गेला. सवय होती. पाहतो तो बुवा आधीच तिथे. मुरमात बसलेले, पाय झुडपाखाली लांब पसरलेले. फुलांनी लवलेली एक फांदी त्यांच्या पावलांवर टेकली होती.

अंकुश उभा राहिला. मग परडी पालथी घातली आणि शेजारी बसला. हात शिवशिवत होते, ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

उन्हं वर आली. ओढ्याकडून एक काळा भुंगा आला. एका फुलावर बसला, ते उष्टं केलं, दुसऱ्यावर गेला.

बुवांनी पाय हलवले नाहीत.

"अंकुश," ते म्हणाले, "कान इकडे कर."