झुबकीची अरुंद फट

जनावरं आपसात बाजार करायची, त्या काळची ही गोष्ट. चिंचेच्या ढोलीत झुबकी खार पिल्लांसोबत राहायची. फेरीवाला कावळा दारात ओरडला की तिला राहवायचं नाही. कधी मोरपीस, कधी रंगीत काच घ्यायची, आणि बदल्यात भुईमुगाच्या ओंजळभर शेंगा जायच्या. गेल्या उन्हाळ्यात ढोली सजलेली होती आणि पिल्लं उपाशी झोपली होती.

यंदा सुगीला तिने प्रत्येक शेंग आणल्याबरोबर खोडाच्या अरुंद फटीत ढकलली. तिथे तिचा स्वतःचा पंजासुद्धा पोचत नव्हता. फक्त धाकटी चिंगी आत शिरू शकायची.

कावळा आलाच. "वहिनी, काचेचा मणी आणलाय बघा! मैनाबाईंनी दोन घेतले. तुम्ही काय, कंजूस झालात की काय?"

मणी खरंच सुंदर होता. झुबकीला मोह पडला.

आतून चिंगी म्हणाली, "आई, शेंगा बाहेर देऊ का गं?"

"नको! भर उन्हाळ्यात मागेन, तेव्हाच दे." मग ती कावळ्याकडे वळली. "भावजी, मणी छानच आहे हो. पण माझ्या पोरांना तो चावता येत नाही."

कावळा बडबडत उडाला. झुबकी तशीच शेताकडे पळाली. फट अजून अर्धीच भरली होती.