राजकन्येच्या सोन्याच्या बाह्या

एका राज्यात उन्हाळा लागला की राजा आपले हत्ती, आचारी आणि रुसवेफुगवे सगळे बरोबर घेऊन सरोवराकाठच्या महाली विश्रांतीला जात असे. राजाचे नाव वज्रबाहू. त्याची एकुलती एक कन्या मंदारमाला. त्या सरोवराकाठी जुनी रीत होती. राजघराण्याने घाटावर पाणपोई घालायची आणि गादीच्या वारसाने येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत आपल्या हाताने पाणी ओतायचे. वज्रबाहू वारस झाला त्या वर्षापासून हे काम प्रधानच करीत आला होता. का, ते कोणी विचारले नाही. आता प्रधान थकला आणि मान मंदारमालेकडे आला.

नेमके याच उन्हाळ्यात तिच्या हातांना इसब झाले. कोपराच्या लवणीत आधी खाज आली, मग त्वचा कोरडी पडली, मग बोटांना भेगा गेल्या. दासींची माया मोठी. त्यांनी तिला कढत पाण्याने न्हाऊ घातले आणि लिंबाच्या सालींचे सुगंधी उटणे लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ घासले, कारण त्या घराण्यात कुठलेही दुखणे घासूनच काढायची पद्धत होती. हात आणखीच लाल झाले. मंदारमालेला दुखण्याहून लाज जास्त वाटे. ती हात पदराखाली ठेवी, खाज आली की पडद्याआड जाई. या हातांचे पाणी कोण पिईल, एवढाच विचार तिला पोखरत होता.

शेवटी ती राजाकडे गेली. "तात, पाणपोई दुसऱ्या कोणाकडे द्या. माझे हात पाहण्याजोगे नाहीत."

राजाने हात पाहिले आणि चटकन नजर वळवली. खजिन्यातून त्याने सोन्याच्या तारांनी विणलेल्या दोन बाह्या काढून आणल्या, नखे तेवढी उघडी ठेवून बोटांपासून दंडापर्यंत झाकणाऱ्या. तशीच एक जोडी तो स्वतः भर उन्हाळ्यातही घालत असे, आणि लोक त्याला राजाची हौस म्हणत.

"पूर्वजांनी एका मांत्रिकाकडून या घडवून घेतल्या," राजा म्हणाला. "घाल. आपल्या हातावरचा डाग रयतेने पाहू नये."

बाह्या चढवून मंदारमाला घाटावर गेली. तिने कळशी कलती केली. धार निघाली आणि ओंजळीत पोचण्याआधीच विरून गेली. दुसरी कळशी, तिसरी कळशी, तोच प्रकार. लोक कोरड्या ओठांनी परतले. सरोवर घाटाच्या पायऱ्या सोडून मागे सरले आणि तळाच्या चिखलाला भेगा पडल्या, तिच्या बोटांना पडल्या होत्या तशाच. हे आपल्यामुळे होते आहे हे तिला कळले, आणि ती शरमेने अर्धमेली झाली. तिने बाह्या ओढून पाहिल्या. त्या निघेनात.

घाटाच्या कठड्यावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, या बाह्या शापित आहेत. जितके झाकशील, तितके पाणी त्या पितील."

"मग उतरवू कशा?"

"तीन गोष्टी कर. पहिली, कढत न्हाण आणि उटणे सोड. कोमट पाण्यात झटपट नाहा, अंग ओलसर आहे तोवर खोबरेल लाव. दुसरी, खाज आली तर नख लावू नकोस, ओला मऊ पंचा ठेव. हे जमले की बाह्या सैल होतील. तिसरी गोष्ट, त्या भर घाटावर उतरव."

न्हाणीघरातली थोरली दासी कुमुदा रुसली. "उटण्यावाचून राजकन्येचे न्हाण? लोक आम्हाला नावे ठेवतील."

"लोकांचे मी पाहीन," मंदारमाला म्हणाली, आणि मनात म्हणाली, त्यांचीच तर भीती आहे.

तारांमधून तेल झिरपले आणि बाह्या कोपरापर्यंत घसरल्या. दुसरी गोष्ट अवघड होती. दुपारच्या घामाने अंग पेटले की ती पंचा दाबून रडत बसे. एकदा तिने नखे लावलीच, आणि बाह्या पुन्हा दंडापर्यंत चढल्या. तिने नखे कापली, रेशमी वस्त्रे टाकून सुती घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाह्या मनगटापर्यंत आल्या.

तिसऱ्या गोष्टीसाठी ती कळशी घेऊन घाटावर गेली आणि पाण्याच्या आशेने लागलेली रांग पाहून दीपमाळेआड लपली. पाय पुढे पडेना. तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ तिच्यासमोर आला. त्याने तिला ओळखले नाही.

"पोरी, पाणी हाय का गं?"

मंदारमाला रांगेसमोर आली आणि तिने बाह्या उतरवल्या. लाल, भेगाळलेले हात उन्हात उघडे पडले. रांगेत कुजबुज झाली. दोघी बाया मागे सरकल्या. जमिनीने पोटात घ्यावे असे तिला वाटले.

म्हातारा हात पाहत राहिला. "दुखत्यात व्हय?"

"दुखतात."

"मग कळशी दमानं धर," म्हणून त्याने ओंजळ पुढे केली.

पाणी ओंजळीत पडले. म्हातारा पोटभर प्यायला. मागे सरकलेल्या बायांपैकी एक पुढे आली, मग दुसरी.

राजा हे महालाच्या सज्ज्यातून पाहत होता. तो खाली उतरला आणि रांगेच्या टोकाला उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने आपल्या सोन्याच्या बाह्या ओढल्या; लेकीने भर घाटावर शाप मोडला होता, त्या सहज निघाल्या. आत तेच इसब होते, जुने, काळवंडलेले, तरुणपणापासून झाकून ठेवलेले.

"तात, मला कधी सांगितले का नाही?"

"लाज वाटली," राजा म्हणाला. "आणि तीच मी तुझ्या हातांवर चढवली. त्याची लाज अधिक आहे."

मंदारमालेने आपल्या उघड्या हातांनी त्याच्या उघड्या ओंजळीत पाणी ओतले. दोन्ही जोड्या जागच्या जागी झिजून माती झाल्या. सरोवर चढत चढत महालाच्या उंबऱ्याला लागले.

इसब मात्र गेले नाही. दर उन्हाळ्यात ते येई, आणि तेलाची वाटी घेऊन बापलेक एकमेकांच्या हातांना तेल लावीत पाणपोईवर बसत. त्यांच्या हातचे पाणी सगळे प्याले. हे ऐकणाऱ्यांचीही तहान भागो.