मोहखिंडीची बोंब

मोहखिंडीच्या भैरोबाच्या देवळात शिरलं की उजव्या हाताला भिंतीशी एक कपाट दिसतं. सागवानी आहे, माणसाएवढं उंच आहे आणि त्याला दारं नाहीत. तुटक्या बिजागऱ्या तेवढ्या लोंबतात. आत पुस्तकं असतात. कुणीही यावं, हवं ते न्यावं, वाचून झालं की आणून ठेवावं नाहीतर शेजारच्या घरी द्यावं. वर्गणी नाही, राखणदार नाही. मध्यंतरी शहरातले एक भले गृहस्थ हे पाहून हळहळले आणि स्वखर्चाने काचेची दारं करून घेऊन आले. देवळाचे म्हातारे पुजारी दगडूबाबा गुरव यांनी ती पायरीवरच अडवली. "ती आधी गाडीत घाला," ते म्हणाले, "मग बसा. दारं का न्हाईत ते सांगतो." त्यांनी सांगितलं ते असं.

फार मागे, इनामदारांच्या अमलात, गावात एक मास्तर होते. बायको-पोर नाही, पगारातलं जे उरे त्याची पुस्तकं घेत. मरताना त्यांनी हे कपाट गावाला दिलं. ‘गावानं वाचावं,’ एवढंच म्हणाले म्हणे. किल्ली कुणाकडे असावी हे सांगायचं राहिलं, आणि गावाच्या मालकीच्या वस्तू जिथे जातात तिथेच ती गेली, तात्यासाहेब इनामदारांच्या कनवटीला.

तात्यासाहेबांनी कपाट देवळात आणवलं, त्याला पितळी कुलूप घातलं आणि परगावचा पाहुणा आला की त्याला मोठ्या ऐटीत दाखवू लागले. उघडून मात्र कधी दाखवलं नाही. दसऱ्याला कपाटाची पूजा होई. दारांना हळदकुंकू, कुलपाला झेंडूचा हार, पुढे नारळ. सरस्वती आत कोंडलेली आणि गाव बाहेरून तिच्या पाया पडतंय, असा तो सोहळा. कुणी पुस्तक मागितलं तर तात्यासाहेबांचं उत्तर ठरलेलं असे: "मळतील."

बायजा ही तेव्हाची गुरवीण. देऊळ झाडायचं, सारवायचं, समई लावायची ही तिची सेवा. तिची मुलगी ठकू मास्तरांच्या शाळेत शिकलेली. सकाळी बायजा जात्यावर बसली की ठकू शेजारी बसून आपलं शाळेचं पुस्तक मोठ्याने वाचायची. ऐकून ऐकून आईच्याही डोक्यात अक्षरं बसू लागली होती. पिठात बोटाने ‘ठ’ काढून ती विचारायची, "ही तूच का गं?"

मास्तर गेले आणि शाळा बंद पडली. घरातल्या एकुलत्या एका पुस्तकाची पानं सुटली, मग त्याचा पार चोथा झाला. एके दिवशी बाजारात दुकानावरची पाटी वाचताना ठकू अडखळली. जोडाक्षर तिला लागेना. "आये, इसरलं," ती म्हणाली आणि ओशाळून हसली. बायजा हसली नाही. लेकीच्या हाती आलेलं निसटत चाललं होतं, आणि त्यावरचं औषध ती रोज झाडत होती त्या देवळात कुलपात पडलं होतं.

ती इनामदारांच्या सोप्यावर गेली. "एकच द्या. पोर देवळातच बसून वाचंल. हात धुऊन, पुसून बसवते तिला."

"पोरीला काय कीर्तनाला उभी करायचीय?" तात्यासाहेब म्हणाले. "मळतील."

त्या दसऱ्याला सगळ्या बायका कपाटापुढे वाकल्या, बायजा ताठ उभी राहिली. सासूने कोपर मारलं तरी हलली नाही. "उघडा, मग पडते पाया," ती म्हणाली. "कुलपाच्या पाया पडायला मी काय चोर हाय?" मग ती गाभाऱ्याकडे वळली. लोक देवाला गोड बोलून नवस करतात. बायजाने डोळे वटारून केला, असं सांगतात. "भैरोबा, तुझ्या दारात ह्ये चाललंय. शिमग्यापातुर कवाडं उघड. न्हाईतर तुझी समई तूच लाव."

शिमगा आला. भैरोबाने काही कवाडं उघडली नाहीत. देव गरिबाची परीक्षा बघतो म्हणतात. इनामदाराची बघितल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आता होळीचा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचंही लाकूड पळवावं, आणि एकदा का ते होळीवर पडलं की धन्याने परत मागू नये. मागितलं तर गाव त्याच्या नावाने बोंब मारतं. त्या संध्याकाळी तरणी पोरं लाकूड मागत बायजाच्या दारी आली. घरात चुलीपुरतंही नव्हतं. तिने परसातली कुऱ्हाड उचलली. "चला, देते. सागवान देते."

देवळात जाऊन तिने बिजागऱ्यांवर घाव घातले. पोरं घाबरली, पण तिचा हात धरायची कुणाची छाती झाली नाही. दारं कुलपासकट निखळून पडली.

आत पहिल्यांदा मातीच दिसली. मागच्या भिंतीतून वाळवी शिरली होती. खालचे कप्पे नुसती चाळण झाले होते, हात लावावा ते पुस्तक भुगा होऊन खाली येत होतं. वरची थोडी तेवढी धड होती. माणसांच्या हातांनी मळतील म्हणून जपलेला ठेवा किड्यांनी निवांत जेवून टाकला होता, आणि गाव इतकी वर्षं हळदकुंकू वाहत होतं ते वाळवीला. बायजा तिथे रडली असं काही जण सांगतात. दगडूबाबा म्हणतात, साफ खोटं. तिला आला तो राग.

तिने एक अर्धवट खाल्लेलं पुस्तक उचललं, दारं पोरांच्या खांद्यावर दिली आणि होळीच्या माळावर आली. तात्यासाहेब पूजेला पुढे उभे होते. दारं होळीवर पडली तशी त्यांनी ओळखली. मागायची सोय नव्हती. पण बायजाला सोडतील कसे? "पुस्तक काढलंस ना? मग वाचू दे तुझ्या पोरीला. ऐकू दे गावाला, काय दिवे लावते ते."

होळी पेटली, आणि तिच्या उजेडात ठकूने पुढे येऊन पुस्तक उघडलं. हरवलेल्या भावाला शोधायला रानात निघालेल्या एका मुलीची गोष्ट होती. जोडाक्षरांशी झटत, घाम पुसत ती वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

तात्यासाहेब हसले. "अडलं का घोडं?"

"अडलं न्हाई," ठकू म्हणाली आणि पान त्यांच्यापुढे धरलं. "हितं अक्षरंच न्हाईत. भोक हाय."

त्या भोकातून पलीकडची होळी दिसत होती. मग बायजाने पालथा हात तोंडावर नेला आणि तात्यासाहेबांच्या नावाने बोंब मारली. शिमग्याची बोंब पुरुषांनी मारायची, बाईने नव्हे. तिने मारली. ठकू पुढे वाचू लागली, पुन्हा भोक आलं, तेव्हा सगळ्या बायका ओरडल्या. त्याच्या पुढच्या भोकाला अख्खं गाव. तात्यासाहेब केव्हा निघून गेले ते बघायला कुणाला सवड नव्हती.

धुळवडीला धड पुस्तकं घरोघर वाटली गेली आणि तेव्हापासून ती फिरतीच आहेत. ठकू वाचायला पुरती शिकली, तिने आईला शिकवलं, आणि मग आयांना शिकवायची गावात रीतच पडली. देवाला दिलेला शब्द बायजाने मोडला नाही. समई आता गुरवांच्या घरचे पुरुष लावतात, बायका त्या वेळात वाचत बसतात.

आजही मोहखिंडीत होळी पेटली की गावातली एक मुलगी तेच वाळवीचं पुस्तक घेऊन उभी राहते. भोक आलं की बोंब उठते. एखाद्या घरात एकच पुस्तक वर्षभर बसून राहिलं असेल तर त्या घराच्या नावानेही उठते, मग घर सरपंचाचं का असेना. पाहुण्यांना ही गंमत वाटते. त्यांना दगडूबाबा सांगतात की पुस्तकाची पहिली पानं गेली, तसं त्याचं नावही गेलं, त्यामुळे दुसरी प्रत शोधायची सोय नाही. शेवटची पानंही गेली. रानातली ती मुलगी कुठूनशी हाक ऐकते, धावत सुटते, आणि तिथून पुढे कागदच नाही. तिला भाऊ भेटला का, हे मोहखिंडीत कुणालाच ठाऊक नाही. वाचणारी मुलगी त्या ओळीशी येऊन थांबते, पुस्तक मिटते, आणि त्या गेलेल्या पानांची पहिली बोंब तीच मारते.