नावाड्याने लपवलेलं वल्हं

ही गोष्ट फार जुनी आहे, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची.

एका गावात प्रभूवर श्रद्धा असलेला एक नावाडी राहत होता. गावात नाव एकच, ती त्याची. बायको वारलेली, घरात एकुलती एक लेक, सुवार्ता.

नदीपलीकडे कुष्ठरोग्यांची वस्ती होती. गावकरी दर आठवड्याला नावाड्याच्या हाती त्यांना पीठ धाडत. एके दिवशी सुवार्ता म्हणाली, "बाबा, मला तिकडे राहून त्यांची सेवा करायची आहे. प्रभू बोलावतोय असं वाटतं."

नावाड्याला भीती वाटली. पोरीला रोग जडला तर? पण 'नाही' म्हणायचा त्याला धीर होईना. त्याने वल्हं कडब्याच्या गंजीत लपवलं आणि म्हणाला, "वल्हं हरवलंय. प्रभूच्या मनातच नसेल."

मग तो रोज गुडघे टेकून एकच मागू लागला, "देवा, हिचं मन फिरव." पण त्याला अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना.

आठव्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावर कोणीतरी फडकं हलवताना दिसलं. तिकडचं पीठ संपलं होतं.

बापलेक प्रार्थनेला बसली. "हे देवबापा, तुझ्या मनात असेल तसं..." एवढं म्हणून नावाडी थांबला.

"पुढे म्हणा ना, बाबा."

"म्हणवत नाही, पोरी. इतके दिवस मी देवाला नुसते हुकूम सोडतोय. वल्हं मीच लपवलंय."

"ठाऊक आहे मला. कडबा काढताना दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं मन मोडून जायचं नव्हतं. आणि बाबा, भीती मलाही वाटते."

नावाड्याने पुन्हा हात जोडले. मग त्याने डोळे मिटले. "देवा, ही तुझीच आहे. तुला हवं तसं होऊ दे. आम्हा दोघांना तेवढं बळ दे."

त्याने वल्हं काढलं आणि पिठाच्या गोणींसोबत लेकीला पलीकडे पोहोचवलं. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुवायला ती लगेच खाली बसली. ते पाहून नावाडी आपल्या काठावर परतला आणि भर दुपारी नावेतच गाढ झोपला.

पुढे तो रोज पलीकडे जाई आणि लेकीच्या हातची भाकरी खाऊन येई. अधूनमधून जुनी भीती डोकं वर काढी. तेव्हा तो तीच प्रार्थना पुन्हा म्हणे आणि वल्हं हाती घेई. सुवार्ता त्या वस्तीत पुष्कळ वर्षं सुखाने नांदली.

तात्पर्य: जे प्रभूच्या इच्छेवर सोपवलं, त्याचं ओझं आपल्याला एकट्याने वाहावं लागत नाही.