वार पडेपर्यंत

“म्हंजी मी चुकले म्हनतोस?”

गजराक्का वाती वळत होत्या. विचारतानाही हात थांबला नाही.

“चुकलात असं नाही, अक्का,” डॉक्टर प्रताप म्हणाला. “पण हा कागद वेगळंच सांगतोय.”

देवळाच्या ओवरीत राहणाऱ्या गजराक्कांनी पंचक्रोशीत चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती. अडल्या बाईला हात कसा लावायचा, हे शहरातून नवा आलेला प्रताप त्यांच्याकडूनच शिकला. पुढं त्याचा दवाखाना झाला, यंत्रं आली, आणि गुरूच्या एका तरी चुकीवर बोट ठेवावं अशी हौसही आली. शिष्य मोठे झाले की असं होतंच.

बाहेर पायरीवर शालन बसली होती. एकोणीस वर्षांची. पाळी अजून आली नव्हती, म्हणून प्रतापनं तपासण्या केल्या. ती जन्मली अक्कांच्या हातांत. “मुलगी झाली,” हे अक्कांनीच सांगितलं आणि गावात बर्फी वाटली गेली. आता निकाल ऐकायचा तर अक्कांपाशीच, असा तिचा हट्ट होता.

“बाईची गुणसूत्रं एक्स-एक्स,” प्रताप म्हणाला. “हिची एक्स-वाय. पुरुषाची असतात तशी. गर्भाशय नाही. पुरुषी संप्रेरक तयार होतं, पण शरीर त्याला दादच देत नाही. म्हणून वाढली मुलीसारखी.”

“सारखी?”

प्रतापनं कागदावर बोट ठेवलं.

“मी डोळ्यानं बघितलं ते खोटं?”

“नाही.”

“कागद खोटा?”

“नाही.”

“मग तिला काय सांगनार हायस?”

“खरं तेच. की तू मुलगी नाहीस.”

हे वाक्य त्यानं येताना गाडीत घोकलं होतं. तेव्हा सोपं वाटलं होतं. आता त्याच्याच कानांना टोचलं.

“तुझा कागद कुठाय?”

“हा काय.”

“ह्यो तिचा. तुझा?”

“माझी ही तपासणी कधी झालीच नाही.”

“मग तू बाप्या कशावरनं?”

प्रताप हसला. अक्का हसल्या नाहीत.

“अक्का, मला माहीत आहे की.”

“तिलाबी म्हाईत हाय.”

…

अक्कांनी वात तबकात ठेवली.

“पोर हातात आलं, की बाई इचारती, काय झालं? तवा काय करायचं, शिकवलं हुतं?”

“बाळामागून नाळेची वार बाहेर पडेपर्यंत सांगायचं नाही. नको ते ऐकून बाईनं हाय खाल्ली, तर रक्त थांबत नाही.”

“आन् तवर?”

“हात धरून बसायचं.”

“मग जा.”

“म्हणजे… लपवू तिच्यापासून?”

“लपवतोस कशाला? तिच्या अंगातलं हाय, तिचंच हाय. पाळी येनार न्हाई, पोर हुनार न्हाई, समदं सांग. पर कागदावर न्हाई ते सांगू नगंस.”

प्रतापनं कागद पुन्हा वाचला. आकडे होते, दोन अक्षरं होती. घोकलेलं वाक्य त्यात कुठंच नव्हतं.

तो बाहेर आला. शालननं मान वर केली. तिचे ओठ सुकले होते.

“डॉक्टर… काय निघालं?”

याच आवाजात किती बाळंतिणींनी त्याला विचारलं होतं! तेव्हा उत्तर त्याच्या ओठांवर तयार असायचं. आज त्याला पोरीची भीती वाटली. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. हात पुढं केला, पण तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

शालननंच तो दोन्ही हातांत धरला.

“बोला ना.”

…

आतून अक्कांचा आवाज आला.

“दमानं, पोरी. त्याची वार पडायची हाय अजून.”