डॉक्टरला उरलेला शब्द

"…आणखी किती वर्षं, तात्या? किती वर्षं मी नुसतं दारातून आत यायचं आणि दारातून बाहेर जायचं?"

रणजित मगदूमच्या अंगात पांढरा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि डोकं भयंकर तापलं होतं.

तात्या केळुसकर पलंगावर पडून होते. नाकाला नळी, हाताला पट्टी, छातीपर्यंत पांघरूण, डोळे मिटलेले.

"तात्या… झोपलात?"

"नाही रे. कोमात आहे. बोल तू."

घोडबंदरच्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालू होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीचं हॉस्पिटल केलं होतं. तात्या नायिकेचे आजोबा. ऐन गणपतीत कोमात गेले, ते होळी आली तरी तिथेच. लेखकाला त्यांना उठवायचंही सुचेना आणि मारणंही जिवावर येई. बरं, हा मनुष्य इतका गुणी की रोज सकाळी वेळेवर यायचा, नळी लावून घ्यायचा आणि निमूट पडून राहायचा.

तात्यांचं आयुष्य असंच गेलं. कुणाचे वकील झाले, कुणाचे तहसीलदार, कुणाच्या लग्नातले भटजी, कुणाच्या खुनाचे हवालदार. चेहरा घराघरात पोचला, नाव कुठेच पोचलं नाही. रस्त्यात लोक थांबवायचे आणि विचारात पडायचे. "तुम्ही आमच्या बँकेत होता का हो?" कुणी म्हणायचं, "आपण ठाण्याला लग्नात भेटलोय." तात्या कुणाला नाही म्हणायचे नाहीत. "भेटलोय तर! मठ्ठा काय सुरेख होता!"

समोरचा खूश होऊन जायचा.

नवी पोरं पहिल्या शॉटआधी या माणसाच्या पाया पडत. रणजितही पडला होता. इचलकरंजीचा गडी, कॉलेजात एकांकिका स्पर्धेत सलग बक्षिसं घेतलेली, गावातल्या चौकात फ्लेक्स लागलेला. मुंबईत आला तो नायक व्हायला. इथे मात्र तो डॉक्टर झाला, मग इन्स्पेक्टर झाला, मग पुन्हा डॉक्टर.

"काय झालं तालमीत?" तात्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"चार वाक्यं होती मला. चार! सगळी कापली. एक शब्द ठेवलाय. 'गेले.' बास."

"का कापली?"

"मी अभिनय केला म्हणून!"

"काय केलंस?"

"चष्मा काढला. भिंतीला टेकलो. दोन सेकंद थांबलो, डोळ्यांत पाणी आणलं, मग बोललो…"

"डॉक्टर होतास की जावई?"

रणजितला हसू आलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तात्या, दादाचा फोन आलाय. दुकानात ये म्हणतो. आज संध्याकाळच्या गाडीनं गेलो तर मी परत येणार नाही. आई काही बोलत नाही, पण तिलाही तेच हवंय. मला काही कळेनासं झालंय. तुम्ही राहा म्हणालात तर राहीन. जा म्हणालात तर हा कोट आत्ता काढून ठेवतो."

तात्यांनी मिटल्या डोळ्यांनीच नाकाची नळी सारखी केली.

"सांगा ना, तात्या."



कोमातल्या माणसासमोर बसून रडणं शलाकाला रोज कसं जमत असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शलाका म्हणजे नायिका. तिचे दीड-दीड पानाचे संवाद तात्यांनी डोळे मिटून ऐकले होते.

तेवढ्यात सहायक दिग्दर्शक लगबगीनं आत आला. "तात्या, हा शॉट शलाकावर आहे. डॉक्टर कडेला उभा दिसेल, तुम्ही कॅमेऱ्यात येतच नाही. पांघरुणाखाली उशी ठेवतो, तुम्ही जरा बाहेर मोकळे बसा."

असं नेहमीच करतात. पडून राहिलेला माणूस दिसणार नसेल तर उशी चालते. तिला चहा लागत नाही, खोकलाही येत नाही.

"नको रे बाबा," तात्या म्हणाले. "शेवटचा दिवस माझा. पडू दे की इथेच."

सहायक हसून निघून गेला.

"शेवटचा दिवस?" रणजितनं विचारलं. "कसा काय?"

तात्यांनी एक डोळा उघडला.

"'गेले' म्हणणार आहेस ना तू? … मग गेलं कोण रे?"

रणजित बघतच राहिला. चार वाक्यं त्यानं रात्रभर घोकली होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे चष्मा काढायचा, सगळं ठरवलं होतं. पण आपण जो मेला म्हणून सांगणार तो पलंगावरचा माणूस तात्या आहे, आणि तो मेला की तात्यांचं या घरातलं काम संपलं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सकाळपासून तो ज्यांच्यापाशी आपलं गाऱ्हाणं गात होता, त्यांचीच आज पाठवणी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तात्या, मला… माझ्या लक्षातच…"

"चला चला, जागेवर!" बाहेरून दिग्दर्शकाची हाक आली.

सगळे आत आले. दिवे लागले. शलाका पलंगापाशी बसली, कॅमेरा तिच्या तोंडासमोर आला. दिग्दर्शक सलील रणजितला म्हणाला, "डॉक्टर, नाडी बघायची, हात खाली ठेवायचा, 'गेले' म्हणायचं आणि मागे सरकायचं. कृपा करून भिंतीला टेकू नकोस."

"हो सर."

"अ‍ॅक्शन!"

रणजितनं तात्यांचं मनगट हातात घेतलं.

नाडी चालू होती. चांगली ठणठणीत चालू होती. बोटांखाली तात्या जिवंत होते, आणि हे आता संपलं असं त्याला सगळ्यांना सांगायचं होतं. त्या मनगटाची कातडी मऊ आणि सुरकुतलेली होती, हाताच्या पट्टीनं तिथे रोज रोज चिकटून लालसर डाग पाडला होता. हा हात कॅमेऱ्यात दिसत नव्हता. तरी तात्यांनी तो, देवाशप्पथ, मेलेल्या माणसासारखा सैल सोडून दिला होता.

तो चष्म्याचं विसरला. कॅमेरा कुठे आहे तेही विसरला. त्यानं तो हात सावकाश खाली ठेवला. मग पांघरूण थोडं वर ओढलं, म्हाताऱ्या माणसाला गार लागू नये म्हणून ओढतात तसं. शलाकानं वर त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून काही फुटेना.

तो मागे सरकला.

शलाकानं "आजोबा" म्हणून जो हंबरडा फोडला, त्यानं लाइटवाले दादासुद्धा खाली बघायला लागले.

"कट! ओके! शलाका, काय केलंस गं बाई!"

सगळे तिच्याभोवती जमले. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ थोपटली. डॉक्टर बोललाच नाही हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. रणजित कोपऱ्यात तसाच उभा होता, डोळे पुसत. खोटं पाणी आणायची सवय असलेल्या माणसाला खऱ्याची लाज वाटते, तशी त्याला वाटत होती.

"अरे, तात्या! हसा, हसा!" कॅमेरामननं कॅमेरा पलंगाकडे वळवला.

या लोकांची ही रीत आहे. मालिकेत मेलेल्यानं शॉट संपला की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे मरण तिथल्या तिथे राहतं, घरी येत नाही. एरवी देव न मानणारेही हे मात्र पाळतात.

तात्यांनी डोळे उघडले. पण ते कॅमेऱ्याकडे वळलेच नाहीत. त्यांनी मान कोपऱ्याकडे वळवली, रणजितला शोधलं आणि त्याच्याकडे बघून तोंडभर हसले.

"तात्या, इकडे! इकडे बघा!"

"झालं माझं," तात्या म्हणाले.

मग टाळ्या झाल्या, शलाका त्यांच्या गळ्यात पडली, सलील पाया पडला. केक आला, तो थोडा नाकाच्या नळीलाही लागला. हळूहळू खोली रिकामी झाली, कारण पुढचा शॉट खाली होता.

रणजित पलंगाजवळ आला.

"तात्या… शब्द राहिला माझा."

"मला आला ऐकू."

तात्यांनी पाय खाली सोडले, चपला चाचपडल्या. इतके महिने पडून पडून गुडघे धरले होते. रणजितनं हात दिला, तो धरून ते उठले आणि तिथेच उभे राहिले, हात न सोडता.

"गाडीची वेळ होत आलीय, तात्या. आता तरी सांगा. जाऊ… की राहू?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. लेकराकडे बघावं तसं.

"मला काय विचारतोस, वेड्या? … मी आत्ताच तुझ्या हातात मेलो."