वस्तादाचा हात

फार पूर्वीची गोष्ट, राजे हत्तीवरून मिरवत होते तेव्हाची. एका राज्यात पैलवानांचं गाव होतं. तिथं जन्मलेल्या पोराच्या अंगाला आधी तालमीची माती लागायची, मग अंगडं चढायचं.

त्या गावच्या वस्तादाचा मोठा दरारा. कुणाची पाठ आखडली, की वस्ताद तेल लावून असा रगडायचा की पैलवान लगेच पुन्हा आखाड्यात. "हाडं वाजली पाहिजेत, घाम निथळला पाहिजे. त्याशिवाय दुखणं निघत नाही," असं तो म्हणायचा आणि सगळं गाव मान डोलवायचं.

अशा वस्तादाची लेक माहेरी आली ती दुखणं घेऊन. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सारं अंग ठणकायचं. झोपून उठली तरी थकलेलीच. ना सूज, ना जखम, ना ताप. वैद्यांनी काढे दिले आणि हात टेकले. बायका कुजबुजल्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

लोकांचं तिनं मनावर घेतलं नसतं हो. पण तिचं रांगतं लेकरू हात वर करून तिच्यापाशी यायचं आणि तिला ते उचलता यायचं नाही. आताशा ते रडलं की थेट आजीकडे जायचं.

"आबा, ते मला विसरायला लागलंय," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

"रडतेस काय? वस्तादाची लेक ना तू?" वस्तादानं बाह्या सरसावल्या. पैलवानाला रगडावं तसं तिला रगडलं, वर बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना. तर हा म्हणतो कसा, "जोर कमी पडला!" आता काय म्हणावं या माणसाला? त्यानं आणखी रगडलं. लेकीनं अंथरूणच धरलं. लेकरू जवळ आलं की ती भिंतीकडे तोंड करायची.

वस्तादाची झोप उडाली. एका सकाळी तो ओसरीवर डोकं धरून बसला होता. समोर त्याची बायको पाय पसरून, नातवाला पायांवर घेऊन तेल लावत होती. पोर जरा कुरकुरलं की तिचा हात तिथं आपोआप हलका व्हायचा. मग तिनं त्याचे पाय दुमडून हळूच पोटाशी नेले, तसं ते खुदकन हसलं.

"एवढ्याशा जोरानं काय होतंय?" वस्ताद म्हणाला.

"होतं की! मी याच्या तोंडाकडे बघत चोळते. तुम्ही लेकीच्या तोंडाकडे कधी बघितलंत, अहो?"

त्या दिवशी वस्तादानं तेल कोमट केलं आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "बाळ, इथं चालेल? का हात काढू?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी दुखून नव्हे.

मग रोज हलका हात आणि थोडी हालचाल. हात वर न्यायचे, खाली आणायचे. गोठ्यापर्यंत जायचं, परत यायचं. एकदा तिला बरं वाटलं, तशी वस्तादाची जुनी खोड उसळली. "चल, आज तालमीपर्यंत!"

"नाही आबा," लेक ठामपणे म्हणाली. "बरं वाटतंय म्हणूनच इथं थांबायचं. उद्याही हेच अंग वापरायचंय मला." आणि अंग ठणकायचं त्या दिवशीही ती दोन पावलं टाकायचीच.

असे दिवस गेले. लेकरू आता धरून धरून चालायला लागलं होतं. एकदा ते अंगणात आपटलं आणि भोकाड पसरलं. वस्ताद धावला.

"आबा, सरा बाजूला!"

लेक खाली बसली. लेकराला पोटाशी घट्ट धरलं, श्वास घेतला आणि सावकाश उभी राहिली. दुखणं? होतंच की अंगात, पुढंही येत-जात राहिलं. पण लेकरानं तिच्या खांद्यावर मान टाकली आणि रडणं थांबवलं. ज्याच्यापुढं पैलवान चळाचळा कापायचे, तो वस्ताद अंगणात उभा राहून ढसाढसा रडला.

त्या गावच्या तालमीत तेव्हापासून आधी विचारतात, मगच हात लावतात.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि थोरांनो: दुसऱ्याचं दुखणं हलकं करायचं तर आपला जोर नव्हे, त्याला किती सोसवतं ते बघावं.